टोकाच्या खिडकीची झिलमिल

अंबूताईंचं सोवळं धारवाडात त्यांच्या गल्लीला पुरून उरलं होतं. त्या विहिरीवर आल्या की बायका आपापल्या घागरी उचलून मागे सरत, आणि सरताना एकमेकींकडे बघून हसत. "आल्या बघा, वाऱ्याचासुद्धा विटाळ मानणाऱ्या!" हे अंबूताईंना ऐकू येई. त्यांना राग येत नसे, उलट मनातून बरंच वाटे. भर तारुण्यात नवरा गेला, लोकांच्या घरी सोवळ्यात स्वयंपाक करून एकुलता मुलगा वाढवला. अशा बाईनं मिरवायचं तरी काय? कुणाकडे दागिने असतात, कुणाकडे गोतावळा असतो. अंबूताईंकडे सोवळं होतं, आणि त्या सोवळ्यावरच त्यांची पोळी भाजत होती हेही खरं.

मुलगा दत्तात्रेय हुबळीला रेल्वेच्या पुलांच्या खात्यात कारकून म्हणून चिकटला. छत्तीस सालच्या सुमाराला त्याला फिरत्या टोळीवर टाकलं आणि बिऱ्हाडच चाकांवर आलं. धारवाडपासून अळणावरापर्यंत जिथे पुलाचं काम निघेल तिथल्या स्टेशनात, बाजूच्या रुळावर त्यांचा डबा आणून उभा करायचा. काम संपलं की इंजिन येई आणि चूल, देव, माणसं सगळ्यांसकट डबा ओढून पुढच्या मुक्कामाला नेई. जुना थर्ड क्लासचा डबा होता तो. बाकडी काढून मधे फळ्यांच्या आडभिंती घातल्या होत्या. एका अंगाला चूल आणि देवाचं फडताळ, मधे दत्तू आणि त्याची बायको कुसुम यांची खोली, आणि अगदी टोकाला, पूर्वी गार्ड बसायचा तेवढीशी एक खोपटी.

कुसुम विशीची, खानापूरची, बिनआईची पोर. पाठवणीच्या वेळी तिच्या बापानं अंबूताईंना हात जोडून म्हटलं होतं, "हिला आई नाही. आजपासून तुम्हीच." आणि अंबूताई म्हणाल्या होत्या, "पदरात घेतली. काळजी करू नका." डबा पहिल्यांदा पाहून कुसुमला हसूच आलं. "आत्याबाई, रात्री एका गावात झोपायचं आणि उठायचं दुसऱ्याच गावात, मज्जाच की!" अंबूताई काही हसल्या नाहीत. या लाकडी पेटीत सोवळं-ओवळं सांभाळायचं कसं, याची त्यांना चिंता पडली होती.

महिन्याचे तीन दिवस बाईनं दूर बसायचं, कशाला शिवायचं नाही, कुणी तिला शिवायचं नाही. घराला परसू असतं, मागची पडवी असते. इथे काय? अंबूताईंनी टोकाची खोपटी कुसुमच्या त्या तीन दिवसांसाठी राखली. मधल्या दाराला त्या आपल्या बाजूनं कडी घालत. ताट दाराखालून सरकवत, पाणी लांबून ओतत. खोपटीला खाली रुळाकडे उतरणारं एक दार होतं, त्याची कडी आतून. आणि एक खिडकी होती. तिला आडव्या लाकडी पट्ट्यांची झिलमिल होती. चौकट खालून वर ओढून खटक्यात अडकवायची. मधे एक उभी दांडी होती, ती खाली ओढली की पट्ट्या घट्ट मिटत आणि वर सारली की वारा यायला फटी पडत.

टोळीचे मुख्य होते वादिराजराव. त्यांचा डबा यांच्या डब्याला लागूनच उभा असे. बायकामुलं हुबळीला, देशपांडे नगरात. माणूस कडक वैष्णव. अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा, एकादशीला पाण्याचा थेंब नाही, परक्याच्या हातचं खाणं नाही. त्यामुळे ते दुपारी अंबूताईंकडेच पानावर बसत. "अंबूअक्का, तुमची मडी म्हणजे मठातली मडी बघा," असं ते म्हणाले की अंबूताईंना मूठभर मांस चढे. मडी म्हणजे सोवळंच, पण कानडीतून ऐकलं की जरा जास्तच शुद्ध वाटे. दत्तूचा साहेब आपल्या चुलीपुढे मांडी घालून बसतो, आणखी काय हवं?

एकदा असेच ते जेवत असताना खोपटीत कुसुम खोकली. वादिराजरावांचा घास हातातच राहिला.

"यारु? कोण आहे तिकडं?"

"सूनबाई. दूर बसलीय."

वादिराजरावांनी घास पानात ठेवला. "खाली एकच तक्तपोशी आहे, अक्का. तिथनं इथवर एकच फळी आलीय. माझी मडी गेली की वो." ते उठले, ओढ्यावर जाऊन बुडी मारली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहिले. घराचं लाकूड विटाळ पोचवतं की नाही यावर शास्त्र काय सांगतं ते शास्त्रच जाणे. पण अंबूताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली.

"इकडे यायच्या आधी टोकाच्या खिडकीकडे बघत जा. झिलमिल चढवलेली दिसली की समजायचं, आज आमच्याकडे अडचण आहे. पायरी चढायची नाही."

वादिराजराव प्रसन्न झाले. "शहाण्या आहात, अक्का."

घरोघरच्या बायका आपली अडचण झाकण्यासाठी सतरा युक्त्या करतात, आणि इथे अंबूताईंनी तिची पताका लावून दिली. कुसुमनं हात जोडले. "आत्याबाई, सगळी टोळी बघते हो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. ती झिलमिल सारखीच चढवून ठेवू या की, म्हणजे कुणाला काही कळायचं नाही."

"आणि साहेबांना कळायचं कसं? पाप झाकावं बाई. सोवळं कशाला झाकायचं?"

असं म्हणून अंबूताई मोकळ्या झाल्या. पुढे आयुष्यभर त्यांना स्वतःचं हे वाक्य आठवून तोंड कडू होई.

मुगदच्या मुक्कामात कुसुम पहिल्यांदा म्हणाली, की दुपारी कुणीतरी खिडकी खाजवतं. भर दुपारी टोळी पुलावर असे, स्टेशनात चिटपाखरू नसे, आणि अंबूताई मधलं दार लावून माळ ओढत बसलेल्या असत.

"कावळा असेल," अंबूताई म्हणाल्या.

"कावळा बोलत नाही, आत्याबाई. मला नावानं हाक मारली."

"कुणी?"

"दबक्या आवाजात. कळलं नाही."

त्यांनी दत्तूच्या कानावर घातलं. दत्तू जेवत होता. तो म्हणाला, "आई, लाकूड उन्हानं वाजतं. एकटं बसलं की माणसाला भास होतात." आणि ताक मागितलं. अंबूताईंना ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

पुढच्या महिन्यात कुसुमचे दिवस जवळ आले तशी ती सुकत चालली. भाताचा घास तिच्या तोंडात फिरेना. चढवलेली झिलमिल ती आतून हातानं दाबून बसते, असं अंबूताईंनी मधल्या दाराच्या फटीतून पाहिलं. चौथ्या दिवशी ती न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना कुसळं टोचलेली होती. अंबूताईंनी सुईनं एकेक काढलं. कुसुम रडली नाही आणि बोललीही नाही. तिचं हे गप्प बसणं अंबूताईंना रडण्यापेक्षा जास्त लागलं. पोर पदरात घेतली म्हणून शब्द दिला होता, आणि त्या पदराखालीच तिला कुणीतरी कुरतडत होतं.

त्या खाली उतरल्या. खिडकीखाली खडीवर विडीचं थोटूक पडलं होतं. झालं, त्यांचा संशय अप्पाजीवर गेला. अप्पाजी हा अळणावरकडच्या एका खेड्यातला गडी, दिवसा डब्यांची राखण करायचा. विडी ओढायचा, डब्याच्या सावलीला बसायचा, कुसुमला "अक्का" म्हणून पाण्याच्या घागरी पायरीशी आणून ठेवायचा. शिवाय जातीनं खालचा. अंबूताईंच्या लेखी एवढा पुरावा पुष्कळ झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात तो असा.

तक्रार करायची कुणाकडे? अर्थातच वादिराजरावांकडे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सूनबाईनं त्याला बघितलंय काय?"

"बघितलं नाही. पण दुसरं कोण असणार?"

"खरं आहे. हा बोभाटा करायचा विषय नाही, अक्का. घरची अब्रू आहे. माझ्यावर सोडा."

दुसऱ्याच दिवशी अप्पाजीला लोंढ्याकडच्या टोळीवर घालवलं. जाताना तो पायरीशी आला, तर अंबूताईंनी दार लावून घेतलं. तो बाहेरूनच म्हणाला, "अव्वा, मी काय केलं नाही वो. त्या पोरीला दुपारी एकटं ठेवू नका, एवढंच सांगायला आलो."  चोराच्या उलट्या बोंबा, असं त्या मनाशी म्हणाल्या. आता भर दुपारी डब्यापाशी कुणीच उरलं नव्हतं.

मग मुक्काम हलला तो कंबारगणवीला. सागाचं रान अगदी रुळाच्या कडेला आलेलं, स्टेशन म्हणजे नुसता एक पत्रा. या वेळी इंजिनानं दोन्ही डबे स्टेशनापासून लांब, पार रानाच्या तोंडाशी नेऊन लावले. वादिराजरावांनीच तसं सांगितलं होतं. पूल जवळ पडतो म्हणाले.

त्या महिन्यात, दुसऱ्या दिवशी, खोपटीतून दारावर धडका आल्या. अंबूताईंनी माळ टाकली आणि मधल्या दारापाशी गेल्या. "आत्याबाई, उघडा! उघडा हो!" त्यांचा हात कडीवर गेला. आणि तिथेच थांबला. ओलं सोवळं अंगावर होतं, नैवेद्य व्हायचा होता, पलीकडे विटाळशी. किती वेळ थांबला असेल? एखाद्या श्वासाइतका. पण त्यांनी विचारलं ते असं, "काय झालं ते तिथनंच सांग."

पलीकडे आवाज बंद झाला. बऱ्याच वेळानं कुसुम म्हणाली, "काही नाही. गेला."

संध्याकाळी तिनं फटीतून सांगितलं. झिलमिलीची एक पट्टी उपटून काढली होती. आत हात आला होता आणि दाराची कडी चाचपत होता. थोडा कमी पडला, एवढंच. "पुढच्या खेपेला आणखी एक पट्टी काढील, आत्याबाई. मग पोचेल."

ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली. अप्पाजी तर लोंढ्याला होता. मग हा कोण? त्या रात्री त्यांनी कूस बदलत काढली, आणि त्यांना भीती वाटत होती ती त्या हाताची नव्हती. आपला हात कडीवर थांबला, त्याची होती.

महिना सरला. कुसुम दूर बसायची वेळ आली तेव्हा अंबूताईंनी तिला सांगितलं, "तू आज माझ्या जागी बस."

"देवाच्या खोलीत? मी अशी?"

"देवांना मी सांगते डोळे मिटायला. बस म्हटलं ना."

देव्हाऱ्यावर त्यांनी खरंच फडकं टाकलं. कुसुमला आपल्या चटईवर बसवलं, पण तिला शिवायचं मात्र टाळलं. तेवढी सवय अजून सुटत नव्हती. मग त्या स्वतः खोपटीत गेल्या, मधलं दार ओढून घेतलं आणि झिलमिल वर चढवली.

आत गोधडीचा, घामाचा, कोंडलेला वास होता. अशा कोपऱ्यात बसून त्यांनाही जमाना लोटला होता. त्या बसल्या आणि त्यांना पहिल्यांदा उमगलं, की इथून सगळं ऐकू येतं. चुलीवरची फोडणी, दत्तूचं घोरणं, आपलं माळेचं पुटपुटणं, सगळं. आणि आपलं मात्र कुणी ऐकत नाही. ही पोर इथे काय ऐकत बसली असेल, या विचारानं त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

ऊन तापलं. पाखरंसुद्धा गप्प झाली. मग खडीवर पावलं वाजली. चोरटी नव्हेत, आपल्याच घरी निघाल्यासारखी सावकाश. झिलमिलीच्या फटींतून येणारा उजेड एकेक करून विझला. कुणीतरी खिडकीला लागून उभं होतं. नखानं पट्टी खाजवली गेली.

"कुसुम."

 तो आवाज अंबूताईंनी रोज चुलीपुढे ऐकला होता.

"भ्यायचं नाही गं. अक्का जप करूलाल्यात, दार लावून. आणि ऐकलं तरी येणार कोण आत? तुला शिवायला आज देवसुद्धा यायचा नाही. कडी काढ. माझं काय, ओढ्यावर बुडी मारली की झालं."

उपटलेल्या पट्टीच्या मोकळ्या जागेतून बोटं आत आली आणि शेजारची पट्टी धरून हलवू लागली. दंडांवर मुद्रा लावणारी, पानावर चित्राहुती घालणारी बोटं. अंबूताईंनी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि अंगातला सगळा भार टाकून खाली ओढली.

पट्ट्या मिटल्या. पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज झाला, पण ओरडणं आलं नाही. ओरडला असता तर स्टेशनातलं माणूस आलं असतं. अंबूताईही ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर तेच माणूस आलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत कुसुमचं नाव अळणावरपासून हुबळीपर्यंत बद्दू झालं असतं. एका झिलमिलीच्या दोन अंगांना दोघं माणसं घाम गाळत होती आणि रानात पान हलत नव्हतं.

"वादिराज," अंबूताई म्हणाल्या. 'राव' त्यांच्या तोंडून आलं नाही. "कुसुम नव्हे. मी आहे."

 मग तो बोलला, तो लाजून नव्हे, समजूत घातल्यासारखा. "सोडा, अक्का. कुणी बघितलं तर नाव कुणाचं जाईल? माझं की तुमच्या सुनेचं?"

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच त्यांनी दात आवळून आणखी एकदा दांडी ओढली. काहीतरी कडकन मोडलं, ते लाकूड नव्हतं. मग त्यांनी हात सोडले. पावलं पळाली नाहीत. आली होती तशीच सावकाश गेली.

संध्याकाळी दत्तू आला. "वादिराजरावांची बोटं ट्रॉलीत सापडली," तो बूट काढता काढता म्हणाला. "उजव्या हाताची तीन. बिचारे!"

कुसुम अजून देवाच्या खोलीतच होती. अंबूताई मुलाच्या समोर बसल्या. "दत्तू, कुसुमच्या खिडकीत हात घालणारा आज मी धरला."

दत्तूचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. अंबूताई वाट बघत राहिल्या. त्यानं 'कोण' असं विचारलं नाही.

तो उठला. साहेबांच्या डब्याकडच्या अंगाला त्यांच्या दोन खिडक्या होत्या, त्यांच्या झिलमिल्या त्यानं आधी एक, मग दुसरी अशा वर चढवल्या आणि पट्ट्या मिटून घेतल्या. "हळू बोल, आई. त्यांच्या डब्यात ऐकू जातं."

"तुला ठाऊक होतं."

"ठाऊक म्हणजे..." तो भिंतीकडे बघत होता. "सहा महिन्यांनी हुबळीच्या ऑफिसात घेतो म्हणालेत. मग हा डबाच सुटला असता की. आणि कडी होती ना आतून? कडी होतीच की."

अंबूताईंना वाटलं, याला एक मुस्काटात द्यावी. हात उचलला नाही. लोकांच्या चुली फुंकून वाढवलेलं आपलं एकुलतं लेकरू समोर उभं होतं, आणि ते इतकं लहान दिसत होतं की मारायला जागाच नव्हती. आतल्या खोलीत कुसुम हलली नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. फळ्यांच्या भिंतीतून सगळंच ऐकू जातं.

सकाळी धारवाडकडे जाणारी पॅसेंजर होती. अंबूताईंनी देव एका फडक्यात बांधले, कुसुमची ट्रंक स्वतः उचलली आणि दोघी रुळाच्या कडेकडेनं स्टेशनात आल्या. सगळी टोळी सकाळच्या हजेरीला पत्र्याखाली उभी होती. वादिराजरावही होते, पत्र्याबाहेर उन्हात, हात गळ्यात बांधलेला. ऊन चढलं होतं आणि बोटं मोडल्यामुळे त्यांना छत्री धरता येत नव्हती. ती दत्तूनं धरली होती.

"काय अक्का, कुठं निघालात?" वादिराजराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "परत कधी?"

अंबूताईंनी छत्रीकडे पाहिलं, छत्रीच्या दांड्यावरच्या आपल्या मुलाच्या मुठीकडे पाहिलं. दत्तूनं मान वर केली नाही. धारवाडात कुणाच्या दारात उभं राहायचं ते त्यांना माहीत नव्हतं. सोवळ्याच्या स्वयंपाकावर त्यांची पोळी भाजत होती. आता त्या जे करणार होत्या ते धारवाडात कळायला दुपारसुद्धा लागली नसती, आणि मग कुठल्याच घरात त्यांना चुलीजवळ येऊ दिलं नसतं. त्यांना भीती वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी.

गाडी आली. अंबूताईंनी सगळ्या टोळीदेखत, दुसऱ्या दिवशीच्या विटाळात असलेल्या सुनेचा हात धरला. कुसुमनं दचकून तो काढून घेतला. "आत्याबाई, मी शिवले तुम्हाला!"

"शिव," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हात धरला, तो धारवाड येईपर्यंत सोडला नाही.